कॅमकॉर्डरचं एचडी चित्रण टीव्हीवर अडखळतंय, घोळ नेमका कुठे आहे?

पडद्यामागे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज स्वतःचं दुखणं घेऊन आलोय.

घरात दोन कॅमकॉर्डर आहेत. जुना १०८०आय५० वाला, एव्हीसीएचडी (कॅमकॉर्डरचा एचडी फॉरमॅट), कायम सगळ्यात वरच्या दर्जाला म्हणजे २४ एमबीपीएसला लावून ठेवलेला. नंतरचा १०८०पी५० (सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं) करतो, २८ एमबीपीएसला. मुलगी रांगत होती तेव्हापासूनचं मिळून साठेक तासांचं चित्रण साठलंय, सहाशे-साडेसहाशे जीबी. सगळ्यांनी एकत्र बसून मोठ्या पडद्यावर बघायचं एवढीच माफक इच्छा.

आधी मूळ एमटीएस फायली हार्ड डिस्कवर टाकून टीव्हीखालच्या मीडिया बॉक्सला जोडल्या. जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रणात हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या कडेला बारीक दातेरी रेषा दिसायला लागल्या. म्हणून हँडब्रेक हे व्हिडिओचा फॉरमॅट बदलणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, त्यातलं आपोआप निवडलेलं सेटिंग तसंच ठेवलं आणि चार रात्री संगणक चालू ठेवून सगळ्याचे एमपी४ केले. दाते गेले. पण आता कॅमेरा बाजूला फिरवला की चित्र ठेचकाळत जातं. शिवाय लांब चित्रणांत मधेच अर्धा सेकंद आवाज गायब होतो.

पेन ड्राइव्ह बदलून झाला, एचडीएमआय केबल नवी आणून झाली, फरक शून्य. टीव्हीच बदलावा लागणार का?

कोरीपाटी

मीही याच बोटीत आहे. खुर्ची ओढून बसलो.

वेगवान

फायली फार जड आहेत हो. एवढा बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) यूएसबीला झेपत नाही. ८ एमबीपीएसला आणा, लोण्यासारखं चालेल.

खुडबुड्या

@वेगवान, थांबा थांबा. २८ एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठाने भागा: सेकंदाला साडेतीन मेगाबाइट. जुन्यातलं जुनं यूएसबी २.० पोर्ट कागदावर ४८० मेगाबिटचं असतं आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी आपल्या गरजेच्या आठपट होतं. पेन ड्राइव्ह, केबल, पोर्ट हे सगळे इथे निर्दोष आहेत. बिचाऱ्या केबलला लोक उगाच बळीचा बकरा करतात. एचडीएमआय केबल खराब असेल तर चित्रात ठिणग्या उडतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो. चित्र ठेचकाळत नाही.

@पडद्यामागे, टीव्ही बदलू नका. आधी एक काम करा. कॅमेरा थेट एचडीएमआयने टीव्हीला जोडा (कॅमेऱ्याच्या बाजूला बहुतेक मिनी किंवा मायक्रो एचडीएमआय असेल) आणि तीच क्लिप कार्डावरून लावा. मधे बॉक्स नको, डिस्क नको, एमपी४ नको. तिथे सुरळीत दिसली तर चित्रण आणि टीव्ही दोघेही सुटले. मग चोर मधल्या रस्त्यात आहे.

आणि मूळ एमटीएस पुसल्या नाहीत ना? नाही म्हणा.

पडद्यामागे

नाही पुसल्या! हात शिवशिवत होते, पण बायकोने दटावलं.

कॅमेरा जोडून बघितलं. दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्रण अक्षरशः लोण्यासारखं. समुद्रकिनाऱ्यावर मुलगी पळतेय तो पॅन (कॅमेरा बाजूला फिरवत घेतलेला तुकडा) एमपी४मध्ये बघवत नव्हता, तो इथे इतका सुंदर दिसला की आम्ही तिघंही गप्प झालो. म्हणजे टीव्ही वाचला. आता चोर कुठे शोधू?

खुडबुड्या

चोर एक नाही, तीन आहेत. एकेकाला धरू.

पहिला चोर तुम्ही स्वतः आहात, माफ करा. १०८०आय५० म्हणजे सेकंदाला ५० फील्ड. एका फील्डमध्ये चित्राच्या एकाआड एक रेषा, म्हणजे अर्धं चित्र. पुढच्या फील्डमध्ये उरलेल्या रेषा, पण त्या १/५० सेकंद *नंतर* टिपलेल्या. इथेच सगळी गंमत आहे. लोकांना वाटतं दोन फील्ड मिळून एक चित्र, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं, संपला हिशोब. साठवणूक तशी आहेही. पण हालचाल सेकंदातून पन्नास वेळा टिपलेली आहे. दोन फील्ड नुसती एकमेकांत विणून दाखवली तर पळणाऱ्या मुलीचा हात एका फील्डमध्ये इथे आणि दुसऱ्यात दोन बोटं पुढे, त्यामुळे कडेला कंगव्याचे दात. तुमच्या बॉक्सने पहिल्यांदा दाखवले ते हेच. त्याच्या प्लेअरमध्ये डीइंटरलेसिंग, म्हणजे विणलेल्या फील्डपासून पूर्ण चित्रं बनवणं, बंद होतं.

मग हँडब्रेकने दाते काढले, पण कसे? प्रत्येक दोन फील्डमागे *एक* चित्र बनवून. म्हणजे पन्नासातले पंचवीस क्षण केराच्या टोपलीत. वर त्या आयत्या सेटिंगचं नाव नीट वाचा: 'फास्ट १०८०पी३०'. त्यातला ३० म्हणजे सेकंदाला चित्रांची कमाल मर्यादा. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या ५०पी फायलीही त्यातून गेल्या असतील तर त्यांचेही पंख छाटले गेले.

पडद्यामागे

अरे देवा. चार रात्रींची वीज वाया. आत्ता तपासलं, नव्या कॅमेऱ्याच्या एमपी४ही ५०च्या राहिलेल्या नाहीत, सेकंदाला तिसाच्या आत आल्यात.

सावकाश

थोडं वेगळं मत. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे ठेचकाळणारच असं नाही; चित्रपट तर २४ वर चालतात. फरक शटरचा. कॅमकॉर्डर ऑटोवर असेल तर भर उन्हात शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान होतं. प्रत्येक चित्र चाकूने कापल्यासारखं स्पष्ट येतं, हालचालीचा नैसर्गिक पुसटपणा नाहीसा होतो आणि एका चित्रातून दुसऱ्यात जाताना डोळ्याला उडी जाणवते. सेकंदाला ५० असताना ही उडी लहान असते म्हणून चालून जातं. २५ वर आणलं की तीच दुप्पट. पडद्यामागेंचा समुद्रकिनारा नेमका याच कारणाने सगळ्यात वाईट दिसला असणार.

पुढच्या चित्रणासाठी: शटर १/५० किंवा १/१०० ला बांधा, उन्हात एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावा. कॅमेरा फिरवतानाही जुना ठोकताळा आहे की कडेची वस्तू पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला सात सेकंद तरी लागले पाहिजेत. घरगुती चित्रणात कुणीच इतकं हळू फिरवत नाही. माझं टोपणनाव त्यावरूनच पडलंय.

खुडबुड्या

@सावकाश, शंभर टक्के. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

आता दुसरा चोर, बॉक्स. पडद्यामागे, आता *नव्या* कॅमेऱ्याची मूळ ५०पी फाइल, न बदललेली, बॉक्सवर लावा. तीही किंचित थरथरत पुढे जाते का? आणि बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आउटपुट किती हर्ट्झ लिहिलंय?

पडद्यामागे

हो, थरथरते. एमपी४ इतकी नाही, पण कॅमेऱ्यातून थेट दिसते तशी नक्कीच नाही. एक बारीक, एकसारखी थरथर. सेटिंगमध्ये लिहिलंय: १०८०पी ६० हर्ट्झ.

खुडबुड्या

सापडला!

बॉक्स टीव्हीला सेकंदाला ६० चित्रं पाठवणार म्हणून हटून बसलाय आणि फाइलमध्ये आहेत ५०. उरलेली १० कुठून आणणार? दर पाचातलं एक चित्र दोनदा दाखवून. म्हणजे सेकंदाला दहा वेळा चित्र निमिषभर थबकतं. ती तुमची 'एकसारखी थरथर'. २५वाल्या एमपी४चं तर आणखी वाईट: काही चित्रं दोन ठोके राहतात, काही तीन. २, २, ३, २, ३ अशी लंगडी चाल. मूळ हालचाल आधीच निम्मी झालेली, त्यात हे लंगडणं.

संगणकावर हे जाणवत नाही कारण आपण लहान खिडकीत, जवळून आणि दर्जा बघायला बघतो. चार हातांवरच्या मोठ्या पडद्यावर सावकाश पॅन लागला की डोळा फसत नाही.

उपाय: बॉक्सचं आउटपुट ५० हर्ट्झ करा. बॉक्सवर कोडी हा प्लेअर असेल तर त्याच्या प्लेअर सेटिंगमध्ये चित्रणाप्रमाणे पडद्याचा रिफ्रेश रेट बदलण्याचा पर्याय आहे, तो सुरू होताना आणि संपताना बदलण्यावर ठेवा. मग ५०ची फाइल लावली की टीव्ही स्वतः ५०वर जातो. क्षणभर पडदा काळा होतो, घाबरू नका. हाताने कायमचं ५० ठेवलंत तर ६०चं आणि २४चं चित्रण लंगडेल, म्हणून आपोआप बदलणारा पर्याय बरा.

कोरीपाटी

एक बाळबोध शंका. माझा कॅमेरा ५९.९४ लिहितो, आणि टीव्ही ६०. हेही लंगडतं का?

खुडबुड्या

तत्त्वतः हो, पण सोळा-सतरा सेकंदांतून एकदा एक चित्र जास्तीचं. ते शोधत बसणारा माणूस चित्रण बघत नसतो, चुका बघत असतो. (मी तोच माणूस आहे.)

जुनीटेप

अवांतर नाही, जरा जोडून विचारतो. माझ्याकडे एचडीव्हीच्या (टेपेवरचा जुना एचडी फॉरमॅट) टेपा आहेत, फायरवायर केबलने संगणकावर उतरवलेल्या. १४४०×१०८०. टीव्हीच्या यूएसबीवर माणसं उंच आणि बारीक दिसतात. आणि एका त्याहून जुन्या, एचडी नसलेल्या डीव्ही टेपेवरून बनवलेली फाइल तर दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी नाचते.

खुडबुड्या

दोन्हींची कारणं वेगळी. एचडीव्हीत पिक्सेल चौकोनी नसतो, आडवा ताणलेला असतो. रुंदीतल्या १४४० पिक्सेलांचे १९२० करून दाखवायचे असतात. सुरुवातीच्या काही एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांतही हाच प्रकार होता. फाइलमध्ये तशी खूण असते, पण टीव्हीचा प्लेअर ती वाचत नसेल तर चित्र ४:३ होऊन मधे उभं राहतं. टीव्हीवर पडद्याचा आकार १६:९ ला बांधा, झालं.

पुढे-मागे नाचणारी फाइल म्हणजे फील्डचा क्रम उलटा. एचडीत वरचं फील्ड आधी येतं, डीव्हीत खालचं. रूपांतर करताना कुणीतरी वरचं आधी धरलं की काळ मागेपुढे उड्या मारतो. मूळ डीव्ही फाइल असेल तर 'खालचं फील्ड आधी' असं सांगून पुन्हा करा. असलेल्या फाइलवर मलमपट्टी करू नका.

जुनीटेप

मूळ आहे. टेपाही आहेत, फक्त त्या वाजवणारा कॅमेरा आता कुरकुरतो. आभार!

पडद्यामागे

५० हर्ट्झ केलं. नव्या कॅमेऱ्याच्या मूळ फायली आता कॅमेऱ्यातून दिसत होत्या तशाच दिसतायत. खुडबुड्या, तुमच्या तोंडात साखर पडो.

मग हुरूप आला म्हणून बॉक्स बाजूला ठेवून पेन ड्राइव्ह थेट टीव्हीच्या यूएसबीत घातला. गंमत बघा: जुन्या कॅमेऱ्याच्या एमटीएस झकास, दाते वगैरे काही नाही. नव्या कॅमेऱ्याच्या फायलींवर मात्र 'हा फॉरमॅट चालत नाही'. उलटं व्हायला हवं ना?

तारेवरची

इथे मला बोलू द्या, मी यात पोळले आहे.

टीव्हीला इंटरलेस्ड चित्रणाची सवय आहे, कारण एचडी प्रक्षेपणात १०८०आय सर्रास वापरलं जातं. त्यासाठी चांगली डीइंटरलेसिंगची चिप आतच बसवलेली असते, आणि ती पन्नास फील्डची पन्नास चित्रं करून दाखवते. म्हणून जुनी फाइल जशीच्या तशी टीव्हीला देणं हे बऱ्याचदा सगळ्यात उत्तम. माझ्या टीव्हीवर एक विचित्रपणा आहे: तीच फाइल एमटीएस असेल तर चिप जागी होते, एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत भरून दिली तर दाते दिसतात. प्रत्येक टीव्हीचं वेगळं, करून बघा.

नव्या फायलींचं कारण म्हणजे एच.२६४ (चित्रण दाबून साठवायची पद्धत) मधली लेव्हल नावाची भानगड, म्हणजे किती मोठं आणि किती वेगवान चित्र झेपलं पाहिजे याची पायरी. ब्लू-रेला लागते ती ४.१. एव्हीसीएचडी २००६ साली आलं ते त्या चौकटीत बसणारं होतं. १०८०पी५० आणि पी६० हे २०११ च्या सुधारित आवृत्तीत आले, त्यांना ४.२ लागते. तुमचा टीव्ही ४.१ पर्यंतच शिकलेला असणार. फाइल खराब नाही, टीव्ही अडाणी नाही, फक्त त्याच्या अभ्यासक्रमात हा धडा नव्हता.

टीव्हीवरच चालवायचं असेल तर ७२०पी५० करा. बारकावे थोडे जातात, हालचाल अख्खी राहते. घरगुती चित्रणात मी बारकाव्यापेक्षा हालचाल वाचवेन.

वेगवान

म्हणजे शेवटी बिटरेट कमी करायलाच लागला की! 🙂

तारेवरची

बिटरेट नाही हो, चित्राचा आकार. तुमच्या सल्ल्याने ८ एमबीपीएसचं १०८०पी५० केलं असतं तरी टीव्हीने 'चालत नाही' हेच म्हटलं असतं.

वेगवान

बरं बरं, शरणागती.

पडद्यामागे

आणि तिसरा चोर? आवाज गायब होणारा?

खुडबुड्या

विसरलोच. तो आवाज साधारण किती मिनिटांनी जातो? तेवीस-चोवीस मिनिटांनी?

पडद्यामागे

तुम्ही माझ्या घरात बसलात का? एका चित्रणात २३ व्या मिनिटाला आणि पुन्हा ४७ च्या आसपास.

खुडबुड्या

कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. २४ एमबीपीएसने ४ जीबी भरायला चोवीसेक मिनिटं लागतात. कॅमेरा तिथे फाइल तोडतो आणि पुढची सुरू करतो. काही कॅमेरे २ जीबीलाच तोडतात. चित्रण सलग असतं, पण कापलेल्या जागी आवाजाचा तुकडा अर्धा इकडे अर्धा तिकडे पडतो. प्रत्येक तुकड्याचं *वेगळं* रूपांतर केलंत आणि नंतर जोडलंत तर सांध्यावर आवाज पडतो.

आधी जोडा, मग पुढचं काय ते. या तुकड्यांना शेपटीला शेपटी लावता येते, म्हणजे संगणकाच्या बायनरी कॉपीने दोन-तीन फायली एकामागे एक चिकटवल्या तरी सलग वाजतात, कारण आत ट्रान्सपोर्ट स्ट्रीम (लहान लहान पाकिटांची सलग साखळी) आहे. पण फक्त *एकाच* चित्रणाचे तुकडे असे जोडा. वेगवेगळ्या वेळी बटण दाबून घेतलेले प्रसंग चिकटवलेत तर घड्याळ उडी मारतं आणि काही टीव्ही तिथे गोठतात.

जोडलेली फाइल ४ जीबीच्या वर जाईल, त्यामुळे पेन ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस करावा लागेल. टीव्ही त्यातलं काय वाचतो ते आधी एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर बघून घ्या.

पडद्यामागे

जुन्या चित्रणाचं ५०पी करायचंच झालं, म्हणजे फोनवर वगैरे बघायला, तर कसं?

खुडबुड्या

हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसला 'बॉब' (प्रत्येक फील्डमागे एक चित्र) निवडा आणि फ्रेमरेटच्या यादीत ५० स्पष्ट निवडा. एफएफएमपेग (आज्ञा टाइप करून चालवायचं रूपांतराचं साधन) वापरत असाल तर एक खाचखळगा: 'याडिफ' हा फिल्टर काही न सांगता वापरला तर पुन्हा २५च देतो, प्रत्येक फील्डमागे एक चित्र हवं असं त्याला सांगावं लागतं. 'बीडब्ल्यूडिफ' मात्र न सांगताच ५० देतो, आणि कडाही जास्त स्वच्छ ठेवतो. दर्जासाठी ठरावीक बिटरेट न देता सीआरएफ (दर्जा सारखा ठेवून बिटरेट आपोआप ठरवणारं सेटिंग) १८ ठेवा.

आणि कितीही सुंदर झालं तरी मूळ एमटीएस ठेवा. चित्रणाची तारीख-वेळ त्या व्हिडिओच्या आतच लिहिलेली असते. नव्याने एन्कोड केलं की ती उडते. वीस वर्षांनी 'हे कधीचं गं?' याचं उत्तर त्यातच आहे.

चौपट

उशिरा आलो. माझं ४के आहे, एक्सएव्हीसी एस फॉरमॅटमधलं, १०० एमबीपीएस. घरच्या सर्व्हरवरून टीव्हीला नेटवर्क केबलने जोडलंय, तरी दर काही सेकंदांनी गोल फिरतं. वायफायपेक्षा केबल चांगली म्हणतात ना? आणि पेन ड्राइव्हवरून चित्र चालतं पण आवाजच नाही.

तारेवरची

केबल चांगली, पण टीव्हीतलं नेटवर्क पोर्ट पुष्कळदा १०० मेगाबिटचंच असतं. १०० च्या नळातून १०० चं पाणी, वर नेटवर्कचा स्वतःचा खर्च. बसणारच नाही. इथे चक्क ५ गिगाहर्ट्झचं वायफाय केबलला हरवू शकतं, टीव्ही राउटरच्या जवळ असेल तर. नाहीतर यूएसबी डिस्क.

(इथे मात्र वेगवान यांचा मुद्दा बरोबर ठरतो. ४के मध्ये बिटरेट खरंच आडवा येतो.)

वेगवान

धन्यवाद, धन्यवाद. 🙏

तारेवरची

आवाजाचं: एक्सएव्हीसी एसमध्ये चित्र एच.२६४, डबा एमपी४, पण आवाज बहुधा न दाबलेला पीसीएम असतो. एमपी४ मधला पीसीएम पुष्कळ टीव्हींना कळत नाही. चित्राला हात न लावता फक्त आवाज एएसी या दाबलेल्या प्रकारात बदला. एफएफएमपेगमध्ये व्हिडिओ 'कॉपी' आणि ऑडिओ एएसी. तासाभराची फाइल काही मिनिटांत होते, कारण चित्र पुन्हा एन्कोड होतच नाही.

सर्व्हर मधेच फाइल बदलून पाठवत नाही ना तेही बघा. प्लेक्स हे सर्व्हर सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या डॅशबोर्डवर 'डायरेक्ट प्ले' (फाइल जशीच्या तशी) आहे की 'ट्रान्सकोड' (बदलून) ते दिसतं. लहानशा सर्व्हरला ४के चं ट्रान्सकोड म्हणजे बैलगाडीला ससा जुंपल्यासारखं.

चौपट

आवाज आला! वायफायचं संध्याकाळी बघतो.

सावकाश

@पडद्यामागे, एक राहिलं. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये 'मोशन' नावाचं काहीतरी असेल, मधली चित्रं स्वतः रचणारं. आता खरी पन्नास मिळतायत, तर ते बंद करून बघा. पळणाऱ्या पायांभोवती पाण्यासारखा लहरणारा पट्टा दिसत असेल तर तो त्याचाच.

पडद्यामागे

बंद केलं. पट्टा होता, मला वाटायचं ती वाळूच आहे.

आजची स्थिती: एमपी४ सगळ्या पुसल्या. जुन्या कॅमेऱ्याच्या मूळ फायली थेट टीव्हीला, नव्याच्या बॉक्सवरून ५० हर्ट्झला. तुकडे जोडायचं काम चालू आहे, साठातले नऊ तास झाले. काल रात्री समुद्रकिनारा लावला तर मुलगी म्हणाली, "मी एवढी भरभर पळायचे?"

कोरीपाटी

वाचनखूण साठवली आहे. माझ्या बॉक्सवर रिफ्रेश रेटचा पर्याय सापडत नाहीये, नवा धागा काढू की इथेच विचारू?

खुडबुड्या

इथेच विचारा. बॉक्सवर कोणता प्लेअर आहे ते आधी सांगा.